खाट घडवणं हे संशोधन असतं का?

संशोधन म्हटलं की प्रयोगशाळा आणि परीक्षानळ्या डोळ्यांसमोर येतात. मग कला आणि डिझाइनच्या महाविद्यालयात पीएच.डी. कशावर करतात? देखणी खुर्ची बनवली की झालं संशोधन?

एक उदाहरण पाहू. १९६० च्या दशकात लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ब्रूस आर्चर आणि त्यांचे सहकारी रुग्णालयातल्या खाटेवर काम करत होते. खाट उंच असेल तर उतरताना रुग्ण पडण्याची भीती. ठेंगणी असेल तर परिचारिकेच्या कंबरेवर ताण. हा प्रश्न आवडीनिवडीवर सोडून चालणार नव्हता. खाटेभोवती कोण काय करतं हे त्यांनी तपासलं, नमुने बनवले, ते रुग्णालयात वापरून पाहिले. त्यातून उंची कमी-जास्त करता येणारी ‘किंग्ज फंड’ खाट आली आणि ब्रिटनच्या रुग्णालयांत रुळली. पुढे १९६८ मध्ये डिझाइन-प्रक्रियेच्या रचनेवरील प्रबंधासाठी आर्चर यांना याच कॉलेजची डॉक्टरेट मिळाली.

तिथल्याच क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये अशा संशोधनाचे तीन प्रकार मांडले : कलेविषयीचं, कलेच्या माध्यमातून केलेलं आणि कलाकृतीसाठी केलेलं. कलेचा इतिहास पहिल्यात येतो, खाटेचं काम दुसऱ्यात. तिसऱ्यात मात्र सारा विचार वस्तूतच सामावलेला असतो. म्हणून त्याला पदवी द्यावी का, यावर वाद होतो.

कारण वस्तू नुसती चांगली असून भागत नाही. ती अशीच का, कोणते पर्याय सोडले आणि कशामुळे, हे इतरांना तपासता आलं पाहिजे. हस्तकलेच्या तासाला मुलांना एवढंच विचारून पाहा : ‘हे असंच का केलंस?’ संशोधनाची सुरुवात तिथे होते.