ई-मेल सर्व्हरची नोंदवही आणि तिच्यातील इशारे

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पाणीपातळी मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी होय. २०१९ व २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. अशा वेळी तालुक्यांना व गावांना द्यावयाच्या सूचना दूरध्वनीप्रमाणेच ई-मेलनेही पाठविता येतात. मात्र शिरोळ तालुक्याला धाडलेली सूचना खरोखरच पोहोचली काय, असा प्रश्न नंतर उपस्थित झाला, तर त्याचे उत्तर सर्व्हरच्या नोंदवहीतच शोधावे लागते. म्हणून या नोंदवहीतील इशाऱ्यांचा अर्थ कार्यालयप्रमुखांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्राची आवक-जावक

कार्यालयातील आवक-जावक नोंदवहीप्रमाणेच ई-मेल सर्व्हर प्रत्येक पत्राला क्रमांक देतो. पत्र कोणाकडून आले, कोणाकडे गेले, केव्हा गेले व पुढील सर्व्हरने काय उत्तर दिले, हे तो लिहून ठेवतो. उत्तराचा आकडा २ ने सुरू झाल्यास पत्र स्वीकारले गेले, ४ ने झाल्यास तूर्त थांबले व ५ ने झाल्यास नाकारले गेले, असे समजावे. पोस्टफिक्स ही प्रचलित प्रणाली थांबलेले पत्र मूळ मांडणीनुसार ५ दिवसांपर्यंत पुनःपुन्हा पाठवून पाहते आणि त्यानंतर ते परत करते. पत्र स्वीकारले गेले याचा अर्थ ते वाचले गेले असा नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

नोंदी करण्याची ‘सिसलॉग’ ही पद्धत १९८० च्या दशकात अमेरिकेतील बर्कले येथे एरिक ऑलमन यांनी सुरू केली. तीत ० ते ७ अशा आठ श्रेणी असून ‘इशारा’ ही ४ क्रमांकाची श्रेणी आहे. इशारा म्हणजे बिघाड नव्हे; बिघाड संभवतो याची ती पूर्वसूचना होय.

नोंदी गळतात तेव्हा

एका पत्रामागे साधारणपणे पाच-सहा ओळी लिहिल्या जातात. एकच परिपत्रक हजारो पत्त्यांवर एकदम गेले, की नोंदींचा लोंढा येतो. लिनक्सवरील नोंदलेखक ‘जर्नल’ अलीकडील आवृत्त्यांत एका सेवेकडून ३० सेकंदांत मूलतः १०,००० नोंदी स्वीकारतो. डिस्कवर मोकळी जागा अधिक असल्यास ही मर्यादा वाढते. त्यावरील नोंदी तो गाळतो आणि किती गाळल्या तेवढा इशारा लिहितो. पत्रे जातात, परंतु त्यांचा पुरावा राहत नाही. अशा नोंदवहीत एखादे पत्र सापडले नाही, तर ते गेलेच नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

उपाययोजना

इशारा दिसताच तो बंद करण्याचा मोह टाळावा. बंधाऱ्यावरील खूण पुसल्याने पाणी ओसरत नाही. प्रथम कोणता इशारा किती वेळा व कोणत्या सेवेकडून आला, याची मोजदाद करावी. कारणे बहुधा पुढीलपैकी असतात :

१. तपासणीसाठी सुरू केलेले सविस्तर लेखन बंद करावयाचे राहून गेलेले असते. ते बंद करावे.

२. बाहेरून कोणीतरी परवलीचे शब्द पुनःपुन्हा अजमावून पाहत असतो. त्याचा मार्ग अडवावा.

३. समोरच्या सर्व्हरचे नाव व पत्ता जुळत नाही. हा दोष बहुधा त्यांच्याकडील असतो. आपण केवळ दखल घ्यावी.

४. डिस्कवर जागा उरलेली नसते. हा इशारा सर्वांत गंभीर होय, कारण जागा संपत आली की पोस्टफिक्स नवी पत्रे घेणेच थांबवते.

कारण दूर करूनही नोंदी गळत असतील, तर केवळ ई-मेल सेवेपुरती मर्यादा वाढवावी. ती सरसकट काढून टाकू नये. कारण अमर्याद नोंदी डिस्क भरून टाकतील आणि चौथे संकट ओढवेल. जुन्या नोंदी ठराविक मुदतीने वेगळ्या काढून जतन करण्याची व्यवस्थाही असावी.

ही तपासणी जूनपूर्वीच करावी. चाचणीसाठी सर्व पत्त्यांवर एक पत्र पाठवून, जितकी पत्रे तितक्या नोंदी जुळतात काय, हे पाहावे. तंत्रज्ञाला कार्यालयप्रमुखाने विचारावयाचा प्रश्न एकच आहे : गेल्या महिन्यात आपल्या नोंदवहीतून किती नोंदी गळल्या? या प्रश्नाचे उत्तर ‘एकही नाही’ असे आले, तरच पुराच्या दिवशी त्या नोंदवहीवर विसंबता येईल.