नाव एक, सीमारेषा अनेक
महाराष्ट्राच्या प्रादेशिक विभागांची ओळख

कोकण, देश, खानदेश, मराठवाडा आणि विदर्भ ही नावे मराठी माणसाच्या तोंडी इतकी रुळलेली आहेत की, त्यांच्या सीमा कोठेतरी एकदा कायमच्या आखून ठेवलेल्या असाव्यात, असाच सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात मात्र खानदेश कोठे संपतो, अहिल्यानगर जिल्हा पश्चिम महाराष्ट्रात मोडतो की उत्तर महाराष्ट्रात, मुंबईस कोकणात धरावे किंवा कसे, असे प्रश्न विचारले असता चार जाणत्या माणसांकडून चार निरनिराळी उत्तरे मिळतात. विशेष म्हणजे, त्यांपैकी प्रत्येक उत्तरास काही ना काही आधार असतो.

हा वाद केवळ भूगोलाच्या अभ्यासकांपुरता असता तर त्याची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु पाटबंधाऱ्यांचे पाणी, विकासाचा निधी आणि अनुशेषाचा हिशेब या गोष्टी विभागांच्या नावाने मागितल्या जातात व विभागांच्या नावानेच दिल्या जातात. म्हणूनच कोणती रेषा कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने आखली, हे नागरिकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

नावांचा उगम

या नावांपैकी कोकण व देश ही नावे निसर्गाने घडविलेली आहेत. सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतची चिंचोळी पट्टी ते कोकण आणि घाटावरचे पठार तो देश, ही विभागणी डोळ्यांना दिसणारी आहे. विदर्भ हे नाव प्राचीन असून महाभारतात त्याचा उल्लेख येतो. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात तर विदर्भाचे राज्य दोघा भावांत वाटून देण्यात येते आणि वरदा म्हणजे आजची वर्धा नदी ही त्या दोन भागांमधील सीमा ठरते. सीमेचा प्रश्न किती जुना आहे, याची यावरून कल्पना यावी.

मराठवाड्याचे नाव हैदराबाद संस्थानाशी निगडित आहे. त्या संस्थानातील मराठी भाषकांचा मुलूख तो मराठवाडा. येथे सीमा ठरविली ती डोंगराने वा नदीने नव्हे, तर राज्यसत्तेने. पश्चिम महाराष्ट्र व उत्तर महाराष्ट्र ही दिशावाचक नावे त्या मानाने अलीकडची होत. ती सोयीची असली तरी दिशेला कुंपण नसते. त्यामुळे सर्वाधिक मतभेद या दोन नावांविषयीच आढळून येतात.

आजच्या विदर्भातही दोन निराळे इतिहास एकत्र आलेले आहेत. अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हा वऱ्हाडचा मुलूख निजामाकडून १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या ताब्यात गेला. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले. हे दोन्ही भाग एका प्रशासनाखाली आले ते १९०३ मध्ये. पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूरच्या वनप्रदेशास झाडीपट्टी असे स्वतंत्र नाव आहे व तेथील बोलीही वऱ्हाडीहून निराळी आहे. एका नावाखाली नांदणारी ही विविधता बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही.

महसुली विभागांची रेषा

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा राज्यात २६ जिल्हे व चार महसुली विभाग होते. १९६१ च्या जनगणनेत नाशिक, धुळे व जळगाव हे जिल्हे मुंबई विभागात, तर अहमदनगर जिल्हा पुणे विभागात दाखविलेला आहे. पुढे नाशिक व अमरावती हे दोन नवे विभाग निर्माण झाले आणि कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद), अमरावती व नागपूर अशी सहा विभागांची आजची रचना अस्तित्वात आली. अहमदनगर म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा या फेररचनेत नाशिक विभागात गेला.

यावरून हे स्पष्ट होईल की, महसुली विभाग म्हणजे कारभाराची सोय होय. तेथील माणसांच्या परंपरेवर तो निर्णय देत नाही. अहिल्यानगर जिल्हा नाशिक विभागात असल्याने तो उत्तर महाराष्ट्रात धरला जातो. परंतु सहकारी साखर कारखानदारीचा पाया ज्या प्रवरानगर येथे घातला गेला ते याच जिल्ह्यात आहे. सहकाराच्या दृष्टीने विचार करणारा अभ्यासक या जिल्ह्यास पश्चिम महाराष्ट्रात घेतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे.

शासनाच्या निरनिराळ्या खात्यांचे विभागही एकसारखे नाहीत. महसुली कोकण विभागात मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग असे सात जिल्हे येतात. माध्यमिक शालान्त परीक्षेच्या कोकण विभागीय मंडळात मात्र रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत. हवामान खात्याच्या अंदाजात कोकणाबरोबर गोवा जोडलेला असतो. तेथे खानदेश, नाशिक, पुणे व कोल्हापूर हे सर्व ‘मध्य महाराष्ट्र’ या एकाच नावाखाली येतात. पावसाचे ढग आणि परीक्षेचे कामकाज यांच्या गरजा वेगळ्या असल्याने त्यांच्या रेषाही वेगळ्या असाव्यात, हे स्वाभाविकच होय.

घाटमाथ्यावरील गावे

निसर्गाची रेषा तरी निःसंदिग्ध असावी, अशी अपेक्षा असते. पण तेथेही अपवाद आहेतच. आंबोली हे गाव घाटमाथ्यावर वसलेले असूनही ते सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी तालुक्यात, म्हणजे कोकणात मोडते. याउलट नाशिक जिल्ह्यातील पेठ व सुरगाणा तालुक्यांच्या बऱ्याचशा भागातील पाणी नार, पार, दमणगंगा अशा पश्चिमवाहिनी नद्यांतून अरबी समुद्राकडे जाते. माणसे नाशिकची, पण त्यांच्या शिवारातील पावसाची नोंद जलसंपत्तीच्या हिशेबात पश्चिमवाहिनी खोऱ्यांत होते. या नद्यांचे पाणी पूर्वेकडे गोदावरीच्या वा तापीच्या खोऱ्यात वळविण्याच्या योजनांची चर्चा जेव्हा होते, तेव्हा हा तपशील महत्त्वाचा ठरतो.

खानदेश आणि उत्तर महाराष्ट्र

जुना खानदेश जिल्हा फार विस्तीर्ण होता. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा निर्माण झाला, त्या वेळी मालेगाव, नांदगाव व बागलाण हा भाग खानदेशातून काढून नाशिकला जोडण्यात आला. उरलेल्या खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच आजचे जळगाव व धुळे होत. १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

जिल्ह्याची रेषा दीडशे वर्षांपूर्वी सरकली, पण भाषा मात्र सरकली नाही. मालेगाव, सटाणा, कळवण या परिसरात आजही अहिराणी बोलली जाते व तेथील लोक खानदेशाशी नाते सांगतात. १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. त्याचे कार्यक्षेत्र जळगाव, धुळे व नंदुरबार एवढेच, म्हणजे खानदेशाइतकेच राहिले. नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाकडेच राहिली. अशा रीतीने महसूल खात्याचा ‘उत्तर’ व विद्यापीठाचा ‘उत्तर’ यांत दोन जिल्ह्यांचे अंतर आहे.

राजुऱ्याचे उदाहरण

सीमारेषा बदलली म्हणजे काय होते, याचे बोलके उदाहरण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा होय. वर्धा नदीच्या पलीकडचा हा मुलूख हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा राजुऱ्यासही मराठवाड्याबरोबरच निजामी राजवटीतून मुक्तता मिळाली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा तालुका नांदेड जिल्ह्यास जोडला गेला व १९५९ मध्ये तो चांदा म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात समाविष्ट झाला.

म्हणजे इतिहासाने हा भाग मराठवाड्याचा सोबती, तर जिल्ह्याने तो विदर्भाचा. १९५९ च्या निर्णयानंतर त्याची गणना विदर्भात होऊ लागली. तेथील रस्ते, शाळा व सिंचन यांचा हिशेब विदर्भाच्या रकान्यात जातो. दुसऱ्या बाजूस सिंदखेडराजा हे जिजामातांचे जन्मस्थान मराठवाड्यातील जालना जिल्ह्याच्या अगदी लगत असूनही बुलढाणा जिल्ह्यात, म्हणून विदर्भात आहे. सीमेवरील गावांचा बाजारहाट, सोयरीक व शेतमालाची ने-आण रेषेच्या दोन्ही बाजूंस चालू असते. शासनाच्या कागदावर मात्र त्यांना एकाच बाजूस उभे राहावे लागते.

घटनेने मानलेले तीन विभाग

वर वर्णिलेल्या सर्व रेषांपेक्षा एका रेषेस अधिक वजन आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विकास व प्रशासनासाठी महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित राज्य असे तीन घटक मानण्यात आले. पुढे भारतीय राज्यघटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद झाली. निधीचे समन्यायी वाटप ही राज्यपालांची विशेष जबाबदारी मानली गेली. ही मंडळे १९९४ मध्ये स्थापन झाली व त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

या रचनेत विदर्भाचे आज ११ व मराठवाड्याचे ८ जिल्हे येतात. कोकण, खानदेश, नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे विभाग हे सर्व ‘उर्वरित महाराष्ट्र’ या एकाच नावात सामावतात. सिंधुदुर्गातील डोंगरउतारावरचा शेतकरी, नंदुरबारच्या सातपुड्यातील आदिवासी आणि कोल्हापूरचा ऊस बागाईतदार यांची सरासरी एकत्र काढली जाते. कोकणासाठी वेगळ्या मंडळाची मागणी पुढे आली ती याच कारणाने.

प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये विकासाचा अनुशेष निश्चित केला. समितीने जिल्हानिहाय हिशेब मांडला आणि एकूण अनुशेष ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के, मराठवाड्याचा २३.५६ टक्के व उर्वरित महाराष्ट्राचा ३७.३२ टक्के होता. ज्या भागास सरसकट पुढारलेला म्हटले जाते, त्या ‘उर्वरित’ भागातही एवढा मोठा अनुशेष आढळावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. साताऱ्यातील माण, सांगलीतील जत यांसारखे अवर्षणप्रवण तालुके विभागाच्या सरासरीत दिसेनासे होतात. त्यांची गरज दिसण्यासाठी हिशेब तालुक्यापर्यंत न्यावा लागतो.

पाण्याची सीमा

नद्यांनी तर माणसांच्या सर्वच सीमा ओलांडलेल्या आहेत. कृष्णा खोऱ्याचा काही भाग बीड व धाराशिव या मराठवाड्यातील जिल्ह्यांत पसरलेला आहे. पूर्णेमुळे अमरावती, अकोला व बुलढाण्याचा मोठा भाग तापी खोऱ्यात मोडतो. गोदावरी नाशिकजवळ उगम पावून पैठणच्या जायकवाडी प्रकल्पात येते. त्यामुळे वरच्या धरणांतील पाणी खाली किती सोडावे, हा वाद नाशिक व अहिल्यानगर विरुद्ध मराठवाडा अशा स्वरूपात मांडला जातो.

वस्तुतः येथेही विभागाचे नाव पुरेसे ठरत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर व गंगापूर हे तालुके मराठवाड्यात आहेत, पण नांदूर मधमेश्वर जलद कालव्याद्वारे त्यांना मिळणारे पाणी नाशिक जिल्ह्यातील धरणांचेच असते. म्हणजे पैठणच्या वर अडविलेल्या पाण्यावर मराठवाड्यातील शेतकऱ्याचेही पीक उभे आहे.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ याने म्हणूनच समन्यायी वाटपासाठी खोरे व उपखोरे हे एकक मानले. त्याच आधारे प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला व जायकवाडीच्या साठ्यासाठी ६५ टक्क्यांचे प्रमाण ठरविले. वरच्या व खालच्या लाभधारकांचे समाधान झाले असे नव्हे. परंतु विभागाच्या अभिमानाऐवजी मोजता येण्याजोगे प्रमाण चर्चेस आले, हे त्या निर्णयाचे महत्त्व होय.

कोणत्या कामासाठी कोणती रेषा?

या विवेचनावरून एक गोष्ट ध्यानात येईल. खरा विदर्भ कोणता, खरे कोकण कोणते, या प्रश्नास एकच उत्तर नाही व तसे ते शोधण्याची आवश्यकताही नाही. प्रत्येक रेषा एका विशिष्ट कामासाठी आखलेली आहे. महसुली विभाग कारभारासाठी, खोरे पाण्यासाठी, घटनेतील तीन विभाग निधीच्या न्याय्य वाटपासाठी. बोलीची सीमा ही जिव्हाळ्याची सीमा असते. एका कामासाठी आखलेली रेषा दुसऱ्या कामासाठी वापरली, म्हणजे वाद उद्भवतो आणि त्याची झळ प्रामुख्याने सीमेवरच्या तालुक्यांना पोहोचते.

तेव्हा एखादी आकडेवारी विभागाच्या नावाने पुढे आली, तर त्या विभागात कोणते जिल्हे धरले आहेत, हे प्रथम पाहिले पाहिजे. ग्रामपंचायतीच्या सदस्यापासून विधिमंडळाच्या सदस्यापर्यंत प्रत्येकाने ही खबरदारी घेतल्यास पुष्कळसे गैरसमज आपोआप दूर होतील. आपल्या प्रदेशाच्या नावाचा अभिमान प्रत्येकाने अवश्य बाळगावा. मात्र पाण्याचा व पैशाचा हिशेब करताना नावापेक्षा गरज मोठी मानली गेली, तरच राजुऱ्याचा, जतचा, सुरगाण्याचा आणि वैजापूरचा शेतकरी कोणत्याही रेषेच्या अलीकडे वा पलीकडे असला तरी आपल्या न्याय्य वाट्यास मुकणार नाही.