रात्रीचा श्वास : यंत्र आणि जागती नजर

वृद्धांना जेवताना ठसका लागणे ही घरोघरी किरकोळ मानली जाणारी बाब आहे. परंतु अर्धांगवायू, कंपवात वा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची गिळण्याची क्रिया मंदावते आणि अन्नाचे कण, लाळ किंवा जठरातील आम्ल श्वासनलिकेत उतरते. झोपेत खोकल्याची उबळ क्षीण होत असल्याने हे अनेकदा कोणाच्या ध्यानातही येत नाही. यातून उद्भवणारा आजार म्हणजे ‘अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया’ होय.

‘दिवसा बरे होते, रात्रीच का खालावले?’ असे नातेवाईक विचारतात. झोपेत श्वास उथळ होतो, आडवे पडल्याने पोटाचा भार छातीवर येतो, कफ साचतो. परिणामी रक्तातील प्राणवायू घटतो; तेव्हा नाकातील नळीने दिलेला प्राणवायू अनेकदा पुरेसा ठरतो. काही रुग्णांच्या रक्तात मात्र कार्बन डायऑक्साइडही साठतो. अशा वेळी ‘बायपॅप’ यंत्र मुखवट्याद्वारे श्वास घेताना अधिक व सोडताना कमी दाब देऊन थकलेल्या स्नायूंना आधार देते. दीर्घकालीन श्वसनविकाराच्या अशा रुग्णांत प्राणवायूची पातळी हेतुपुरस्सर ८८ ते ९२ टक्के राखली जाते. आकडा कमी पाहून नातेवाइकांनी प्रवाह परस्पर वाढवू नये.

हे यंत्र सर्वांना मानवत नाही. मुखवटा घट्ट बसलेला असताना उलटी झाल्यास ती फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. म्हणून रुग्ण गुंगीत असल्यास, उलट्या होत असल्यास किंवा त्यास कफ काढता येत नसल्यास मुखवटा सहसा टाळला जातो. शिवाय यंत्र श्वासास आधार देते. जंतुसंसर्ग हटविण्याचे कार्य प्रतिजैविकांचे आहे.

उर्वरित रक्षण साध्या शुश्रूषेत आहे. खाटेची डोक्याकडील बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवावी. बसवूनच भरवावे व त्यानंतर किमान अर्धा तास आडवे करू नये. पेंगणाऱ्या रुग्णाला मायेपोटीही चमचाभर पाणी पाजू नये. दात व कवळी नित्य स्वच्छ ठेवावी. जपानमधील ११ वृद्धनिवासांत दोन वर्षे चाललेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुखस्वच्छता लाभलेल्यांपैकी ११ टक्के, तर न लाभलेल्यांपैकी १९ टक्के वृद्धांना न्यूमोनिया झाला.

दात्यांच्या औदार्यातून यंत्र येते आणि त्यावर नामफलकही लागतो. परंतु पहाटे तीन वाजता मुखवटा सरकला, रुग्णास मळमळू लागले, तर ते ओळखते ती खाटेजवळची परिचारिका. तिच्या वेतनासाठी व प्रशिक्षणासाठी दिलेल्या देणगीवर फलक लागत नाही. तरीही तिच्याविना ते यंत्र सुरक्षित नाही, ही नम्र जाणीव आम्ही आपणांसमोर ठेवीत आहोत.