तीन इंचांची वजाबाकी

इंग्लिश लाँगबोची दोरी किती लांब असावी? दोन खाचांमधलं माप घ्यायचं आणि तीन इंच वजा करायचे, असा रूढ हिशेब आहे. म्हणजे 72 इंची धनुष्याला 69 इंचांची दोरी. पण जुळवायचं असतं ते दोरी चढवल्यावर धनुष्याची मूठ आणि दोरी यांच्यात उरणारं अंतर. मूठ मिटून अंगठा ताठ उभा केला की भरतं तेवढं, साधारण साडेसहा इंच. दोरी लांब झाली तर हे अंतर घटतं आणि बाण सोडताना ती मनगटावर सपकन बसते. आखूड झाली तर लाकडावर जादा ताण येतो, शिवाय बाणाला रेटा मिळण्याचं अंतरही घटतं.

नुसती भूमिती पाहिली तर 72 इंची कमानीला एवढा बाक यायला सुमारे दीड इंच वजाबाकी पुरते. उरलेली वजाबाकी बहुतांशी दोरीच्या ताणण्यापोटी. साहजिकच, कमी ताणणाऱ्या धाग्याला तीन इंच जास्त होतात. मग हा हिशेब टाकूनच द्यावा का? तसंही नाही, सुरुवातीला तो उपयोगी आहे; तुर्की शिंगी धनुष्याला मात्र अजिबात नाही, कारण दोरी उतरवली की ते उलट्या दिशेला वळतं. लाँगबोलाही हा हिशेब फक्त सुरुवातीपुरता, म्हणूनच त्याच्या पारंपरिक दोरीला एकाच टोकाला कायमचा फास असतो. दुसरं टोक खालच्या खाचेत गाठीने बांधतात आणि तिथेच लांबी जुळवतात. बारीकसा फरक पीळ वाढवून निघतो.