चार चाकांची तेरीज

लिमडा, हालोल येथले टायरचे कारखाने आपल्या वडोदऱ्याच्या अंगणातच आहेत. तरीही एखादा टायर फुटला की पुष्कळजण मिळेल त्या मापाचा बसवून घेतात. पैसे वाचतात, पण ब्रेकचे काय?

आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना 'ए.बी.एस.' ब्रेक सक्तीचे आहेत. त्यात प्रत्येक चाकाचे फेरे मोजले जातात. ब्रेक जोराने दाबल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा फार मंदावले, तर ते घसरू लागले असे समजून यंत्रणा त्याचा ब्रेक क्षणभर सैल करते.

आता हिशेब पाहा. १८५/६५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ६२२ मि.मी., तर १८५/५५ आर १५ चा ५८५. मोठे चाक १०० फेरे घेते, तेवढ्यात लहान १०६ घेते. यंत्रणेला वाटते, बाकीची तीन चाकेच मागे पडली! मग त्यांचे ब्रेक गरजेआधीच सैल होऊन गाडी उशिरा थांबू शकते. तफावत फार असल्यास इशाऱ्याचा दिवा लागून ए.बी.एस. बंदही पडते.

एक रक्कम चुकली की तेरीज जुळत नाही, हे आम्हा वाणिज्यवाल्यांना ठाऊक आहे. येथे मात्र चूक खोडरबराने पुसता येत नाही. म्हणून टायर घेण्यापूर्वी गाडीच्या माहितीपुस्तकातले माप अवश्य पाहावे.