गायकाच्या स्टोअरवरून टी-शर्ट मागवणारं गिऱ्हाईक का वैतागतं?

मर्चंडाइजवरचा व्हिडिओ पाहिला असेल तर पुढचं पटकन कळेल, नसेल पाहिला तरी हरकत नाही.

आवडत्या गायकाच्या, रॅपरच्या किंवा बँडच्या स्वतःच्या ऑनलाइन स्टोअरवरून टी-शर्ट घेणारा माणूस म्हणजे सोन्यासारखं गिऱ्हाईक. भाव करत नाही, दुसरीकडं चौकशी करत नाही, पैसे आधी भरतो. तरी तोच माणूस पुन्हा तिथून घेणार नाही म्हणतो. हे का होतं ते समजून घ्या, कारण उद्या तुमचं स्टोअर निघेल तेव्हा तुम्हीही याच जागी अडकणार.

कॅसेटच्या काळात गायक आणि ऐकणारा यांच्यामध्ये दुकानदार होता. आपल्या मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंदेंच्या कॅसेटी लोकांनी दुकानातून घेतल्या, जत्रेतल्या स्टॉलवरून घेतल्या. टेप अडकली की कॅसेट घेऊन दुकानात जायचं आणि तिथंच भांडायचं. आता हा मधला माणूस गेला. कलाकाराला पैसे जास्त सुटतात, हे चांगलंच आहे. बँडकॅम्पसारखी साइट वस्तूच्या विक्रीतले १० टक्के घेते, पेमेंटचा खर्च वेगळा, बाकीचे कलाकाराचे. पण दुकानदाराची कामं कुठं गेली? माल भरून ठेवणं, माप दाखवणं, बदलून देणं, फोन उचलणं. ती कुणी अंगावर घेतलीच नाहीत.

उशिराचंच बघा. स्टोअरवर कोपऱ्यात ‘प्री-ऑर्डर’ लिहिलेलं असतं. म्हणजे माल अजून बनलेलाच नाही. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. चार रंगांचं डिझाइन असेल तर चार स्क्रीन, मग शर्ट दहा छापा नाहीतर दोनशे. म्हणून बँड ऑर्डरी साठेपर्यंत थांबतो आणि तुमच्याच पैशातून कापड आणि छपाई होते. यात फसवणूक नाही, भांडवल नाही म्हणून केलेली सोय आहे. आमच्या शुक्रवार पेठेतल्या एका कॉलेजच्या पोरानं असेच ९९९ रुपये भरले आणि तीन महिने वाट पाहिली. त्याची खरी तक्रार उशिराची नव्हतीच. “ताई, एक मेसेज तरी टाकायचा ना!” एवढंच म्हणत होता. मेसेजला पैसे लागत नाहीत हो.

आता पोस्टरचा हिशोब. कुरिअरवाले वजनाबरोबर जागेचेही पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि साधारण ५००० ने भागायचं. पोस्टरची नळी ६० बाय १० बाय १० धरा. गुणाकार ६०००, भागाकार १.२ किलो. आतला कागद दोनशे ग्रॅमचा, भाडं सव्वा किलोचं! गिऱ्हाइकाला वाटतं गायक लुटतोय, आणि गायकाला हे गणित कुणी सांगितलेलंच नसतं. परदेशी बँडकडून मागवलं तर आणखी वेगळी गंमत. स्टोअरवर दिसलेली किंमत शेवटची नसते. कस्टम ड्युटी, आयजीएसटी आणि कुरिअरचं शुल्क दारात भरायचं. पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहून सुटायची वाटही डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली.

मापाचं दुखणं सगळ्यात जुनं. ‘एल’ म्हणजे काय, हे प्रत्येक कारखान्याचं वेगळं. पुण्यात २०१० ला सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडरसारख्या फेस्टिव्हलला स्टॉलवर शर्ट अंगाला लावून बघता येतो, पण सोलापूरच्या पोरानं त्यासाठी अडीचशे किलोमीटर जायचं का? शर्ट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत किती इंच, एवढं लिहिलं तरी निम्म्या तक्रारी कमी होतील, असं माझं मत.

आणि दाद कुठं मागायची? ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम २०२० पासून लागू आहेत. नियमित विक्री करणाऱ्या स्टोअरनं पत्ता, संपर्क, परतीचे नियम दाखवायचे, तक्रार अधिकारी नेमायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. कलाकार आहे म्हणून सूट नाही. गिऱ्हाईक म्हणून अडकलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मात्र ऑर्डर देतानाच त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर पान बदललेलं असतं.

जीएसटीचंही ऐका. ४० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही, असं सगळे सांगतात. पण माल राज्याबाहेर विकायचा असेल तर पहिल्या पार्सलपासून नोंदणी लागते. पुण्याचा बँड बेंगळुरूला एक टी-शर्ट पाठवतो तेव्हा हा नियम लागतो. काही छोटे कलाकार फक्त शोच्या ठिकाणीच विकतात, त्यामागं हेही एक कारण असू शकतं.

आता आपल्या कामाचं. सोलापूर युनिफॉर्मचं गाव आहे. शाळा उघडायच्या आत शेकडो पोरांच्या मापाचा माल पोचवायचा, कमी-जास्त झालं तर बदलून द्यायचा, हे इथल्या लोकांना नवीन नाही. टी-शर्टचं होजिअरी कापड बहुतेक तिरुपूरकडून आणावं लागेल, हे खरं. पण बँडला कापडापेक्षा मालाचा साठा सांभाळणारा, पॅकिंग करणारा आणि गिऱ्हाइकाला उत्तर देणारा माणूस हवाय. त्याचे पैसे नगामागे घ्या. मोठ्या नावांच्या मागं लागू नका, ज्यांचे महिन्याला दोन-तीन शो होतात असे कलाकार शोधा. नाव आणि लोगो छापायची परवानगी लेखी घ्या, तोंडी नको. पहिल्या बैठकीत विचारायचं एवढंच: मागच्या शोला कुठल्या मापाचे किती शर्ट गेले? आकडा मिळाला तर पन्नास नगांपासून सुरू करा. चुकीचं माप गेलं तर दोन्ही बाजूंचं कुरिअर कुणी भरायचं, हे त्याच कागदावर लिहून घ्या. पहिलं भांडण तिथंच होतं.