विवेकाला वाचक मिळतो तो असा

तासगावचा द्राक्षबागायतदार डावणी रोगावरची फवारणी मुहूर्त पाहून करत नाही. तो पानाची खालची बाजू आणि हवेतला ओलावा पाहतो. जिबरेलिक आम्लाचं प्रमाण चुकलं तर घड बिघडतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पुरावा तपासून निर्णय घेणारा माणूस इथे आहेच. म्हणून विज्ञानाच्या लेखनाला खेड्यात वाचक नाही, ही तक्रार मला मान्य नाही. हा वाचक जागा कसा करायचा, याचं उदाहरणही समोर आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. तिचे कार्यकर्ते चौकात पाणी शिंपडून नारळ पेटवतात आणि लगेच शेंडीत दडवलेला सोडियमचा तुकडा दाखवतात. फसवणूक अशी उघडी पडली की कुतूहल जागं होतं, आणि कुतूहल जागं झालेला माणूस वाचतो.

अशा प्रयोगांनी श्रद्धा दुखावते, असा आक्षेप येतो. पण प्रश्न देवाला नसतो, देवाच्या नावानं लुबाडणाऱ्या बुवाला असतो. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा केला, तेव्हा गृहमंत्री होते तासगावचे आमदार आर. आर. पाटील. त्या कायद्यातही गुन्हा ठरतो तो फसवणूक आणि छळ. पूजा, वारी, कीर्तन नव्हे. नव्या विज्ञानलेखकांनो, आधी बेदाण्याच्या शेडवर जा, तिथले प्रश्न ऐका आणि मगच लिहा.